चर्चचा नवा ऑर्गन आणि पेटीवाला डावा हात

विषय: नागपूरहून, ऑर्गन लागला एकदाचा
प्रेषक: सदरकर

मंडळी नमस्कार,

आमच्या चर्चचा ऑर्गन एकदाचा लागला. आपल्या ईमेल यादीवरच्या ज्यांनी ज्यांनी हातभार लावला त्यांना आधी हे कळवायचं होतं. बाकीचं आता सविस्तर लिहितो, कारण दुपारचे दोन वाजलेत, बाहेर ४५ डिग्री आहे आणि उन्हं उतरेपर्यंत घराबाहेर पडणं शक्य नाही.

बऱ्याच जणांनी विचारलं होतं की पाइपचा का नाही घेतला, डिजिटल का. पैसा हे कारण आहेच, पण नागपूरची हवा हे मला त्याहून मोठं वाटतं. पाइपातली हवा तापली की स्वर चढतो, एका डिग्रीला साधारण ३ सेंट, आणि १०० सेंट म्हणजे अख्खा एक अर्धस्वर. जानेवारीतली सकाळ १२ डिग्रीची आणि मे मधली दुपार ४२ ची धरा, ९० सेंट इथेच झाले, म्हणजे थंडीत पांढरी एकला लावलेला पाइप उन्हाळ्यात काळी एकच्या दाराशी जाऊन उभा. पेटीचे सूर काही असे चढत नाहीत, मग आपल्या भजनांना दोन्ही एकत्र वाजवायचे कसे?

तर दोन मॅन्युअल, म्हणजे हातानं वाजवायचे कीबोर्ड, प्रत्येकी ६१ पट्ट्या, खाली पायाला ३० पेडल. खोक्यातून काढून जोडायला दोन दिवस लागले, खरं काम त्यानंतरचं होतं. पहिल्यांदा चालू केला तर स्पीकरमधून सतत गुंऽऽ असा आवाज, स्टॉप, म्हणजे आवाजाचा प्रकार निवडायची बटणं, सगळे बंद असतानासुद्धा. ऑर्गन एका भिंतीच्या बोर्डावर, माइकचा अॅम्प्लिफायर दुसऱ्या, आणि दोन्हीचं अर्थिंग वेगळं, त्यामुळे लाइनची ५० हर्ट्झची गुणगुण आत शिरत होती. एक जण म्हणाला अर्थची पिन काढून टाका, आवाज जाईल. असं चुकूनही करू नका कोणी, जिवाशी खेळ आहे तो. दोन्ही एकाच बोर्डावर घेतले, मध्ये स्टॅबिलायझर टाकला, शांत झालं.

दुसरा प्रकार कूलरचा. पेडलवर १६ फुटी बोर्डन, म्हणजे एक सप्तक खाली बोलणारा स्टॉप, लावून सगळ्यात खालचा सा दाबला की तो ३३ हर्ट्झच्या आसपास बोलतो, कानाला कमी आणि छातीत जास्त लागतो. तिथून तीन-चार पेडल वर गेलं की डाव्या खिडकीतल्या कूलरचा पत्रा असा थरथरायचा की वाटावं स्पीकरच फाटला. आम्ही अर्धा दिवस स्पीकर तपासत बसलो, मग चर्चच्या चौकीदारानं येऊन पत्र्यावर नुसता हात ठेवला आणि आवाज थांबला. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून पत्र्याखाली सरकवल्या. तो कूलर आता कन्सोलपासून, म्हणजे ऑर्गनच्या वाजवायच्या भागापासून, दुसरीकडे वळवलाय, ओली हवा पट्ट्यांच्या कॉन्टॅक्टवर नको. स्पीकर आधी वेदीजवळ खाली ठेवले होते, पुढच्या दोन बाकांना कान बंद करावे लागत आणि मागे काही पोहोचेना, म्हणून वर गॅलरीत नेले आणि तोंड थोडं छताकडे केलं.

आता शिकण्याबद्दल. मी वाजवून राहिलोय रोज सकाळी सहा ते आठ. मी लहानपणापासून पेटीवाला, त्यामुळे उजवा हात तयार आहे पण डावा हात चाळीस वर्षं भाता मारत आलाय, त्याला स्वर म्हणून माहीतच नाहीत. म्हणून आधी डावा हात आणि पाय, मग उजवा हात आणि पाय, आणि तिन्ही एकत्र सगळ्यात शेवटी, असं चाललंय. पायाकडे बघायचं नाही. गुडघे जवळ ठेवायचे आणि काळ्या पेडलच्या दोनच्या आणि तीनच्या जोड्यांमधली मोकळी जागा बुटाच्या टोकानं चाचपून ओळखायची. जाड रबरी सोलच्या बुटात हे होतच नाही, मी सीताबर्डीवरच्या मोच्याकडून पातळ चामड्याच्या तळव्याचे आणि बोटभर टाचेचे बूट करून घेतले, त्या दिवसापासून पेडल समजायला लागले.

अडलंय एका ठिकाणी. रविवारी पहिल्यांदा उपासनेत एक मराठी भजन वाजवलं आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत लोकांना धाप लागली. ताल बरोबर होता, स्वर बरोबर होते, पण लोक मागे आणि ऑर्गन पुढे. पेटीवर असं कधी झालं नाही. कोणाला काही सुचत असेल तर लिहा.

सदरकर

-----

विषय: उत्तर: नागपूरहून, ऑर्गन लागला एकदाचा
प्रेषक: खजिनदार

भाऊ, अभिनंदन, वाचून मन भरून आलं.

आपण इथे ज्या चर्चच्या हॉलमध्ये गणपती बसवतो तिथल्या ऑर्गनवाल्या आजोबांना तुमचा मेल समजावून सांगितला. त्यांनी पहिलं विचारलं, स्टॉप कोणते लावले होते? तुम्ही ते लिहिलं नाहीये. त्यांचं म्हणणं असं की लोकांना गाताना वरचे स्वर ऐकू आले पाहिजेत, म्हणून हाताखाली ८ फुटी डायपेसन स्टॉपवर ४ फुटी प्रिन्सिपल स्टॉप चढवा, आणि चर्च भरलेलं असेल तर २ फुटीही. ८ फुटी म्हणजे पट्टीचा आहे तोच स्वर, ४ म्हणजे एक सप्तक वर, २ म्हणजे दोन वर. आठ-आठचे पाच स्टॉप एकावर एक लावले तर आवाज मोठा होतो पण गढूळ होतो. १६ फुटी फक्त पायाला ठेवा, हाताला नको. आणि ग्रेट टू पेडल कपलर, म्हणजे हाताचे स्टॉप पायालाही जोडणारं बटण, सरावाला बंद ठेवायला सांगितलंय, तो चालू असला की पाय नीट वाजतोय की नाही ते कळत नाही.

वर्गणीतले थोडे शिल्लक आहेत, स्टॅबिलायझरची पावती पाठवा.

-----

विषय: उत्तर: उत्तर: नागपूरहून, ऑर्गन लागला एकदाचा
प्रेषक: धरमपेठची ताई

दादा, स्टॉपचं खजिनदार म्हणतात ते ठीकच आहे पण तुमचं दुखणं वेगळं आहे असं मला वाटतं.

माझे बाबा संगीत नाटकाला ऑर्गन वाजवायचे, आपला तो पायानं भाता मारायचा, पायपेटी. धनवटे रंग मंदिरात प्रयोग असला की मी शाळेतून थेट तिथे जाऊन त्यांच्या शेजारी बसायची. गाणारा नट तान घेऊन समेवर आला की बाबांची बोटं पट्टीवरून किंचित उचललेली असायची, अगदी कागद सरकेल एवढी, आणि नटाचा श्वास झाला की परत खाली. मी विचारलं तर म्हणाले, त्याला श्वास घ्यायला मी जागा नाही दिली तर तो ती चोरणार, आणि चोरला की बेताल होणार.

पेटीवर ही जागा तुम्हाला आयती मिळत होती हो. तुमचाच हात भाता मारायचा, ओळ संपली की हात आपोआप सैल पडायचा, आवाज उतरायचा, लोक श्वास घ्यायचे. हा तुमचा ऑर्गन थकतच नाही. पट्टी दाबून ठेवली तर उद्या सकाळपर्यंत तेवढ्याच जोरात वाजत राहील, पियानोसारखा विरणार पण नाही. त्यामुळे थांबण्याचं काम आता तुमच्या बोटांवर आलंय. ओळीच्या शेवटचा स्वर एक मात्रा आधी सोडा, हात-पाय सगळं एकदम, आणि सोडताना तोंडानं खरोखर श्वास घ्या. वाजवताना शब्द म्हणा मनात, नुसती चाल नको. आपली मराठी भजनं ओवी-अभंगाच्या वळणाची, शब्द कुठे टेकतो ते चालीवरून नाही कळत.

आणि एकच स्वर लागोपाठ दोनदा आला तर मध्ये उचलता की नाही? नाही उचललं तर तिथे दोन अक्षरांची एक लांबलचक होते.

-----

विषय: उत्तर: नागपूरहून, ऑर्गन लागला एकदाचा
प्रेषक: सदरकर

ताई,

तुमचा मेल प्रिंट काढून कन्सोलवर ठेवला आणि आठवडाभर फक्त सोडण्याचा सराव केला, वाजवण्याचा नाही. एक ८ फुटी आणि एक ४ फुटी, बस. पुस्तकात भजनाच्या प्रत्येक ओळीखाली जिथे श्वास आहे तिथे पेन्सिलीनं स्वल्पविराम काढले. लागोपाठच्या स्वरांना अर्धी मात्रा आधी उचलायला लागलो, पण मधले स्वर धरून ठेवून, नाहीतर सगळंच तुटक ऐकू येतं. जिथे बोटं पुरत नाहीत तिथे पट्टी न सोडता चौथ्या बोटाच्या जागी पाचवं सरकवायचं, हे पेटीवर कधी करावंच लागलं नव्हतं.

या रविवारी तेच भजन घेतलं. काळी एकमध्येच ठेवलं, पट्टी वरखाली करायचं ट्रान्सपोझचं बटण नाही वापरलं. पहिली ओळ संपली, मी हात उचलला, आणि अख्ख्या चर्चचा श्वास मला ऐकू आला. खरंच सांगतो, दीडशे माणसांनी एकत्र श्वास घेतला की तो आवाज येतो, आणि इतकी वर्षं पेटीमागे बसून मी तो कधी ऐकला नव्हता. चारही कडवी लोक पूर्ण गायले, शेवटच्या कडव्याला मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बाया ऑर्गनच्या वर ऐकू येत होत्या. तबला आणि पेटी पण सोबत ठेवली होती, ती बंद करायची नाही असं पाळकांशी बोलून ठरलंय.

ख्रिस्ती भजनांचे कवी नारायण वामन टिळक आपल्या नागपुरात राहिलेले. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशानं त्यांना बायबलचा नवा करार दिला, आणि पुढे त्यांनी आपली भजनं विलायती चालींतून काढून अभंगाच्या घरात आणली. त्या घरात हे एवढं मोठं विलायती वाद्य नेताना मला आधी धास्ती होती की त्याच्या आवाजाखाली शब्द दबतील. त्या रविवारी दबले नाहीत.

अजून एक. क्वायरमधली नववीतली एक पोट्टी रोज सकाळी येऊन बसते. पाय पेडलला जेमतेम टेकायचे, म्हणून बेंचाखालचे ठोकळे काढून बेंच खाली घेतला आणि पुढे ओढला, आता पेडल न दाबता पाय नुसते ठेवता येतात. तिला पेटीची सवय नाही त्यामुळे डावा हात माझ्यापेक्षा लवकर बसला. पेडलच्या खुणा एकदाच सांगितल्या, टोपीसारखी खूण म्हणजे बुटाचं टोक, वाटीसारखी म्हणजे टाच, ओळीच्या वर असली तर उजवा पाय आणि खाली असली तर डावा, तेवढ्यावर वाचायला लागली. मी पुढच्या महिन्यात तिकडे परत येतो, त्यानंतर रविवारी तीच वाजवणार आहे, आधी फक्त हातानं आणि दिवाळीपर्यंत पायासकट.

डिसेंबरात कोणी नागपूरला येणार असेल तर तिच्यासाठी पेडलच्या अभ्यासाचं एखादं सोपं पुस्तक घेऊन या, इथे शोधून राहिलो पण मिळत नाहीये. बूट नकोत, माप मोच्याकडे दिलंय. खजिनदार, पावती जोडली आहे. परतीची संत्रा बर्फी माझ्या घरून.

सदरकर