शिह त्झू जातीचं कुत्र्याचं पिल्लू पायपुसण्यावरच सू करतंय, काय करू?

चिंगीची आई:
अडीच महिन्यांची शिह त्झू आणलीय, चौथा मजला, लसी पूर्ण व्हायच्यात म्हणून डॉक्टर खाली नेऊ नका म्हणालेत. पेपर अंथरला तर मॅडम तो फाडतात आणि सू मात्र दाराच्या पायपुसण्यावर! सासूबाई वैतागल्यात.

भुभूप्रेमी:
आधी पायपुसणी उचला सगळी, मऊ लागलं की त्यांना तीच जागा वाटते. उठल्यावर, जेवल्यावर, खेळून झालं की लगेच उचलून सू करायच्या पॅडवर ठेवायचं, या वयात दोन-तीन तासांच्या वर धरवत नाही आणि छोट्या जातींचं तर ब्लॅडरच एवढंसं. केली की तिथल्या तिथे खाऊ, नंतर देऊन उपयोग नाही.

कोथरूडकर:
नाक घासू नका प्लीज, आमच्या पॉमेरेनियनला बाबांनी तसं केलं तर तो सोफ्यामागे लपून करायला लागला. आणि अमोनियावालं क्लीनर नको, त्याचा वास त्यांना सूसारखाच येतो, एन्झाइमवालं घ्या.

भुभूप्रेमी:
+१. लसी झाल्या की सू लागलेला पेपरचा तुकडा खाली मातीवर ठेवा, वासावरून कळतं. आमच्या बाईसाहेबांना पावसात ओलं गवत चालत नाही, त्यामुळे बाल्कनीतला ट्रे अजून आहेच.

चिंगीची आई:
पायपुसणं उचललं. आता योगा मॅटवर केली 😭