बेक केलेलं चिकन स्टार्टर दिसायलाही देखणं कसं करावं?

पाहुणे येणार आहेत. चिकनचं स्टार्टर करायचंय, पण तळायचं नाही, ओव्हनमध्येच. चव जमते, रंग जमत नाही. तुकडे फिकट राहतात, खाली पाणी सुटतं, आणि रंग येईपर्यंत ठेवावं तर आतून चोथा होतो. ओव्हन साधाच आहे, पंखा आहे. बघताक्षणी उचलावंसं वाटेल असं काही सुचवा. विंग्ज घेऊ की बोनलेस?

प्रतिसाद
विंग्जच घ्या, कातडीसकट. रंग न येण्याचं कारण ओलावा. पृष्ठभाग ओला असेल तोवर उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते, भाजणं मागाहून. म्हणून आधी पेपर टॉवेलने तुकडे अगदी कोरडे टिपा. मग 1 किलोला 1 टेबलस्पून बेकिंग पावडर आणि 1 टीस्पून मीठ चोळून जाळीवर मांडा आणि रात्रभर फ्रिजमध्ये उघडेच ठेवा, फक्त सगळ्यात खालच्या कप्प्यात. सकाळी कातडी हाताला कागदासारखी लागते. तशीच हवी. 220 अंशांवर 40-45 मिनिटं, मध्ये एकदा उलटून. जाळीखाली ट्रे ठेवा. तुकडे थेट ट्रेवर ठेवलेत की स्वतःच्याच रसात उकडतात.

धागाकर्ती
रात्रभर उघडं ठेवायची कल्पना पटली! पण घरात कातडी कुणी खात नाही. आणि बेकिंग पावडरऐवजी सोडा चालेल का?

प्रतिसाद
सोडा नको, साबणासारखी चव येते. कातडी नको असेल तर बोनलेस मांडीचं मांस घ्या, ब्रेस्टपेक्षा ते खूप सोसतं. दोन घासांचे सारख्या आकाराचे तुकडे करा. यात आळस करू नका, लहान तुकडा सुकतो तेव्हा मोठा कच्चा असतो. दही, आलं-लसूण, मीठ, तिखट लावून 2-3 तास मुरवा. लिंबू शेवटी पिळा, जास्त वेळ मुरलं तर वरचा थर पिठूळ होतो.
आता रंगाचं. ब्रेडचा चुरा आधीच चमचाभर तेलात मंद आचेवर सोनेरी परतून घ्या. जास्तीचं दही निपटून तुकडे या चुऱ्यात दाबून घोळवा. रंग आधीच आलेला असल्यामुळे ओव्हनला फक्त चिकन शिजवायचं उरतं, 210 अंशांवर साधारण 18-20 मिनिटांत होतं. ही युक्ती मला फार आवडते.

प्रतिसाद
वरच्या दोन्हींना अनुमोदन. फक्त घड्याळावर विसंबू नका, टोचायचा थर्मामीटर घ्या. सगळ्यात जाड भागात 74 अंश दाखवले की झालं. चोथा होणं तिथेच थांबेल.
मध किंवा गोड सॉस लावायचा असेल तर शेवटच्या 5 मिनिटांत ब्रशने लावा, आधी लावलात तर साखर करपते. हे विंग्जवर छान दिसतं, चुऱ्यावर मात्र नको, तो मऊ पडतो. लाकडी काड्यांना ओवणार असाल तर काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा.

धागाकर्ती
मग बोनलेस आणि परतलेला चुरा नक्की. मांडणी कशी करू?

प्रतिसाद
गडद रंगाची सपाट प्लेट, एकच थर. ढीग केलात तर खालचे वाफेने मऊ होतात. सॉस वाटीत, बाजूला. कोथिंबीर आणि पांढरे तीळ अगदी वाढताना भुरभुरवा.