साडेपंचवीस इंची गिटारवर बी स्टँडर्ड: बॅरिटोन घेतलीच पाहिजे का?

ऐरोलीकर
काल इथे एकाने ठासून लिहिलं की साडेपंचवीस इंची स्केलवर (म्हणजे तारेच्या कंपणाऱ्या भागाची लांबी) बी स्टँडर्ड लावलं, म्हणजे सहाही तारा नेहमीपेक्षा पाच सेमीटोन खाली उतरवल्या, की नेक (गिटारची मान) वाकते, सूर टिकत नाही, आणि ज्याला एवढं खाली जायचंय त्याने मुकाट्याने २७ इंची बॅरिटोन (खालच्या सुरांसाठीची लांब स्केलची गिटार) घ्यावी. खाली अंगठ्यांची रांग. ते वाचून एखादा कॉलेजचा पोरगा हातातली चांगली गिटार विकायला काढेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

नेक वाकते ती ताणाने. मग ताण मोजा की! १०-४६ च्या सेटमधली (आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) ४६ ची तार साडेपंचवीस इंचांवर ई ला साधारण साडेसतरा पौंड ओढते. तीच तार बी ला उतरवली की जेमतेम दहा पौंड उरतात, कारण कंपनसंख्या ८२.४ हर्ट्झवरून ६१.७ वर येते आणि ताण तिच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणून तार लोंबते, फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खडखडते, पिक जोरात मारला की सूर आधी चढतो आणि मग खाली येतो. हा सगळा दोष तारेचा आहे, स्केलचा नाही.

आता तिथे ६२ ची तार लावा. बी ला पुन्हा सतरा-अठरा पौंड. आणि बी स्टँडर्डमध्ये पाचवी तार ई, चौथी ए, तिसरी डी. म्हणजे तुमच्याच सेटमधल्या ४६, ३६ आणि २६ एकेक जागा सरकवायच्या, १७ दुसरी, १३ पहिली. १० ची तार पाकिटात राहते, बाहेरून फक्त एक सुटी ६२ आणायची. सहा तारांचा मिळून ताण आधी शंभर पौंडांच्या थोडा वर होता, आताही तेवढाच. १३-६२ चे तयार बॅरिटोन सेट मिळतात, त्यांतही हेच आकडे असतात.

खरं काम नटवर आहे, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीवर. ४६ साठी कापलेल्या खाचेत ६२ ची तार उतरतच नाही, काठांवर टेकून उंच राहते. मग पहिला फ्रेट दाबला की सूर चढा लागतो आणि लोक इन्टोनेशनच्या (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागण्याच्या) नावाने खडे फोडतात. सहाही खाचा रुंद कराव्या लागतात. कानस तारेपेक्षा किंचित जाड हवी, खाचेचा तळ हेडस्टॉककडे उतरता हवा, आणि तारेची साधारण अर्धी जाडी खाचेच्या वर दिसली पाहिजे. ट्यूनर फिरवताना ‘टिंग’ असा आवाज आला तर तार अजून अडकतेय. त्यानंतर रिलीफ, म्हणजे नेकचा हलका बाक: पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चाप), शेवटचा फ्रेट दाबून धरा, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पाव मिलिमीटर फट पुरे. इन्टोनेशन सगळ्यात शेवटी. जाड तारेचं सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) बरंच मागे जातं, जागा संपली तर त्याची स्प्रिंग कापून आखूड करा.

माजिवड्याचा मेटलवाला
ती पोस्ट माझी होती, तेव्हा उत्तरही मीच देतो. पौंडांचा हिशोब छान केलात, पण तारेचा कडकपणा कुठे गेला? तार जाड झाली की कडक होते, आणि कडक तारेचे वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराबरोबर उठणारे उपसूर) जागेवर राहत नाहीत, चढतात. २७ इंचांवर तोच ताण ५८-५९ च्या तारेत मिळतो. फरक कागदावर छोटा वाटतो, डिस्टॉर्शन लावून पॉवर कॉर्ड वाजवला की कळतो. माझ्याकडे दोन्ही गिटारी आहेत, दोन्ही रोज वाजवतो, ऐकून बोलतोय. आणि सुटी ६२ आणायची कुठून? ठाण्यात मी जिथे जिथे विचारलं तिथे ९ नाहीतर १० चा सेट पुढे केला.

नौपाडाकर
ब्लॅक सॅबथच्या टोनी आयॉमीने १९७१ मध्ये पावणेपंचवीस इंची गिब्सन एसजी गिटार सी शार्पला उतरवली. त्याला कोणी बॅरिटोन घ्यायला सांगितलं होतं का? विषय संपला.

माजिवड्याचा मेटलवाला
तीन सेमीटोन आणि पाच सेमीटोन यांत फरक असतो, साहेब. आयॉमीच्या बोटांची टोकं कारखान्यात गेली होती, म्हणून त्याला तारा हलक्या आणि सैल हव्या होत्या. त्याचं कारण वेगळं, आपलं वेगळं. नाव फेकलं म्हणजे मुद्दा होत नाही.

नौपाडाकर
मग कार्कस बँड घ्या. लिव्हरपूलची पोरं, साध्या स्केलच्या गिटारी, बी ट्युनिंग. आता?

नेरुळची रिदम
ऐरोलीकर, नटचं लिहिलंत ते फार बरं केलंत. मी एका दुकानात गिटार सेटअपला दिली होती. त्या माणसाने करवतीच्या पात्याने सगळ्यात जाड तारेची खाच इतकी खोल नेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर थरथरायला लागली. वर मलाच म्हणतो, ‘मॅडम, एवढं खाली ट्यून केल्यावर असंच होणार.’ नवा नट माझ्या पैशाने. गिटार बाईने आणली की तिला काही कळत नाही हे यांनी धरूनच ठेवलेलं असतं. आणि सेटअप करायचाच तर जुलैत करू नका. इथल्या दमट हवेत नेक हलते, ऑक्टोबरमध्ये ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारणारी आतली सळई) पुन्हा हातात घ्यावा लागतो.

बेसवाला वाशी
तुमचे नट आणि सॅडल चालू द्या. माझा एकच सवाल: तुम्ही पाच सेमीटोन खाली येता तेव्हा बेसवाल्याला कोणी विचारतं का? आमच्या गिटारिस्टने एका रात्रीत बी लावलं. माझा चार तारी बेस ४१.२ हर्ट्झच्या ई ला संपतो, त्याच्या बी च्या खाली मला ३०.९ चा बी लागतो. म्हणजे पाच तारी बेस घ्या, तो पेलणारा अँप घ्या. आणि एवढं करून मिक्सिंगच्या वेळी हेच महाशय म्हणतात, बेस कमी करा, गिटार भरून येत नाही.

ऐरोलीकर
पाच तारी कशाला? पाच तारी सेटमधल्या खालच्या चार तारा तुमच्या चार तारीवर चढवा, बी ई ए डी. नट तेवढा रुंद करून घ्या.

बेसवाला वाशी
वा! म्हणजे तुमच्या हौसेसाठी माझी जी ची तार जाऊ दे. माझ्या वरच्या फिल्स, स्लॅप, सगळं गेलं तरी चालेल. तुम्ही सहाच्या सहा तारा ठेवणार आणि मी एक सोडायची. बेसवाला म्हणजे बँडचा घरजावई का?

माजिवड्याचा मेटलवाला
बेसवाल्यांनी प्रत्येक चर्चेत येऊन रडायलाच पाहिजे का? जमत नसेल तर गिटारचाच रूट (कॉर्डचा मूळ सूर) वाजवा, कोणाला फरक कळणारे?

बेसवाला वाशी
फरक कळतो, आणि तो तुमच्याच आवाजात कळतो. गिटारच्या कॅबिनेटमधले बारा इंची स्पीकर साधारण ७०-७५ हर्ट्झच्या खाली ढेपाळतात. तुमच्या बी चा मूळ सूर ६१.७. तो तुमच्या अँपमधून धड बाहेरच पडत नाही, ऐकू येतात ते त्याचे हार्मोनिक्स. छातीवर जो दणका बसतो तो माझा असतो. त्याचं श्रेय घेता आणि मलाच कमी करायला सांगता! बोलायच्या आधी स्वतःच्या स्पीकरची माहिती वाचा.

नेरुळची रिदम
बेसवाल्यांचं शंभर टक्के खरं आहे. आमच्या बँडमध्ये मी गिटारचा ८०-१०० हर्ट्झखालचा भाग कापते. कापल्यावर रिफ जास्त जड वाटतो, कारण बेसला मोकळी जागा मिळते. आमच्याच दुसऱ्या गिटारिस्टला हे अजून पटत नाही, तो अँपवरची बासची कळ पूर्ण फिरवून बसतो आणि सगळा आवाज गढूळ करतो. सोसायटीत खालच्या मजल्यावरून तक्रार येते तीही त्याच्यामुळेच.

माजिवड्याचा मेटलवाला
स्पीकरचं ठीक आहे, तेवढं मान्य. पण मग माझाच मुद्दा पक्का झाला ना? मूळ सूर बाहेर पडत नसेल तर सगळा खेळ हार्मोनिक्सवर आहे, आणि आखूड स्केलच्या जाड तारेत तेच बिघडतात. २७ इंच घ्या, हेच मी म्हणत होतो.

ऐरोलीकर
हार्मोनिक्सचं मी नाकारत नाही. लांब स्केलवर आवाज जास्त स्वच्छ येतो, हे घ्या, लिहून दिलं. पण तुमच्या पोस्टमध्ये ‘जास्त स्वच्छ’ नव्हतं, ‘नेक वाकते’ होतं. ते खोटं आहे आणि ते तुम्ही अजून मागे घेतलेलं नाही. ज्याच्याकडे एकच गिटार आहे त्याने एक तार आणि एक नट यांवर भागवावं. दुसरी गिटार परवडली की खुशाल २७ इंची घ्यावी.

माजिवड्याचा मेटलवाला
‘नेक वाकते’ हे वाक्य काढतो. बाकीची पोस्ट तशीच राहणार.

बेसवाला वाशी
आणि माझ्या पाच तारीचे पैसे?

नौपाडाकर
ऐरोलीकर, सुटी ६२ नक्की कुठे मिळाली ते सांगा. आणि फ्लोटिंग ट्रेमोलोवर (स्प्रिंगांवर तरंगणाऱ्या ब्रिजवर) हे जमेल का?

ऐरोलीकर
ऑनलाइन मागवली, आणि दोन मागवा, कारण चढवताना आखूड कापली गेली की कामातून गेली. आधी ट्यूनरच्या भोकातून ६२ जाते का तेही बघा. ट्रेमोलोवर जमेल. एकूण ताण तोच असल्यामुळे स्प्रिंगांना फारसं हलवावं लागत नाही, पण तारा बदलताना ब्रिजखाली लाकडाची पट्टी सरकवा आणि एकेक करूनच बदला.