कोबुर्गचा शेवटचा ड्यूक: सोयरिकीचा बळी की आपल्या कर्माचा धनी?

जुनी पानं:
साक्स-कोबुर्ग-गोथा हे जर्मनीतलं चिमुकल्या संस्थानाचं घराणं. लढाया मारून नव्हे, सोयरिकी जुळवून मोठं झालेलं. १८१६ मध्ये या घराण्यातल्या लिओपोल्डने इंग्लंडच्या गादीची वारस शार्लट हिच्याशी लग्न केलं. ती पुढच्याच वर्षी बाळंतपणात गेली, तरी १८३१ मध्ये हा गडी बेल्जियमचा राजा झालाच. त्याची बहीण ही व्हिक्टोरिया राणीची आई, पुतण्या आल्बर्ट राणीचा नवरा. दुसरा पुतण्या फर्डिनांड पोर्तुगालच्या राणीला ‘दिला’. पुढे बल्गेरियाही याच घराण्याकडे.

या हिशेबाची किंमत मात्र कार्ल एडुआर्ड नावाच्या पोराने मोजली. व्हिक्टोरियाचा नातू. हिमोफिलिया (रक्त न गोठण्याचा आजार) असलेले वडील १८८४ मध्ये वारले, त्यानंतर हा जन्मला. १८९९ मध्ये कोबुर्गच्या ड्यूकचा एकुलता मुलगा गेला. पुढचा हक्क राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॉनॉट याचा (हेच १८८६ ते १८९० मुंबईच्या फौजेचे सेनापती होते). ते आणि त्यांचे चिरंजीव नको म्हणाले, म्हणून ईटनच्या शाळेतल्या या जेमतेम पंधरा वर्षांच्या मुलाला जर्मनीला धाडलं. सोळाव्या वर्षी ड्यूक. महायुद्धात इंग्लंड शत्रू झालं. १९१७ मध्ये चुलतभाऊ पाचव्या जॉर्जने घराण्याचं नाव बदलून विंडसर केलं, १९१८ मध्ये गादी गेली, १९१९ मध्ये ब्रिटिश पदव्याही. मला तरी त्याची कीव येते.

रेघोट्या:
कीव १९१९ पर्यंत ठीक. पुढचं का गाळलंत? १९३३ मध्ये तो नाझी पक्षात गेला तेव्हा पन्नाशीला टेकला होता, पोर नव्हता. १९४५ पर्यंत जर्मन रेड क्रॉसचा अध्यक्ष. आणि १९३६ मध्ये पाचव्या जॉर्जच्या अंत्ययात्रेला लंडनला गेला तो नुसता सुतकी म्हणून नाही, तिथल्या गाठीभेटींची खबर बर्लिनला पोचवली. ज्या नात्यांनी त्याला बुडवलं म्हणता, तीच नाती तो हिटलरच्या कामी लावत होता.

खवट आजोबा:
कोबुर्ग शहराचंही बघा की. नाझींना नगरपालिकेत बहुमत देणारं जर्मनीतलं पहिलं शहर हेच, १९२९ मध्ये. सगळं गाव एका दिशेला चाललेलं असताना गादी गेलेला माणूस वेगळा कुठे जाणार?

रेघोट्या:
आजोबा, गावावर ढकलू नका. गाव त्याच्याकडे बघून चाललं असेल, हेही शक्य आहे ना? राजेशाही गेली तरी लोकांच्या लेखी तो ड्यूकच होता.

उंबरठा:
त्याची सख्खी बहीण अ‍ॅलिस. तेच आईबाप, तेच बालपण. ती ब्रिटिश राजघराण्यातच राहिली, १९८१ पर्यंत जगली, मानाने. दोघांत फरक एवढाच की ती मुलगी होती, म्हणून कोबुर्गच्या गादीवर तिचा हक्कच नव्हता. एरवी बाईवर अन्याय करणारा नियम इथे तिला वाचवून गेला! त्यामुळे ‘जुनी पानं’ यांचं अर्धं मला पटतं. ईटनमध्ये ठेवला असता तर हा नाझी झाला नसता.

जुनी पानं:
तेच म्हणतोय मी. ‘रेघोट्या’, तुमचं खोडत नाही. पण शिक्षा काय झाली? युद्धानंतर कैद, मोठा दंड, १९५४ मध्ये मृत्यू. नातू मात्र आज स्वीडनचा राजा आहे, कार्ल सोळावा गुस्ताफ. तो याच्या मुलीचा, सिबिलाचा मुलगा. म्हणजे सोयरिकीचा कारखाना शेवटपर्यंत चालूच.

रेघोट्या:
मग आणखी एक नाव लिहून ठेवा: मारिया कारोलिना. याच घराण्याच्या कॅथलिक कोहारी शाखेतली. नाझींनी मनोरुग्ण आणि अपंगांना मारायची मोहीम काढली, तीत १९४१ मध्ये ऑस्ट्रियातल्या हार्टहाइमच्या वाड्यात तिला मारलं. घराण्याचा प्रमुख तेव्हा रेड क्रॉसच्या खुर्चीत बसलेला. बळी शोधायचाच तर ती आहे.