मैत्रिणीच्या वर्गाचं चित्रप्रदर्शन, रविवार शेवटचा दिवस (नाशिकमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-३०४ : नमस्कार सगळ्यांना. माझी मैत्रीण चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या वर्गाचं प्रदर्शन गंगापूर रोडला, कुसुमाग्रज स्मारकाच्या कलादालनात लागलंय. काल जाऊन आले. मुलांनी उन्हातान्हात घाटावर बसून चित्रं काढलीत आणि बघायला फक्त घरचीच माणसं, हे मला फार लागलं. जमेल त्यांनी नक्की या. तिकीट वगैरे काही नाही.

सी-५०१ : अरे वा! अभिनंदन सांग तिला. इथेच फोटो टाक ना.

ए-३०४ : टाकते काकू, पण फोटोत अर्धं चित्र हरवतं. तिने जलरंगात गोदेचा पूर काढलाय, आपण ज्याच्यावरून पुराची उंची ओळखतो तो नदीपात्रातला दगडी दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत पाण्यात. मोबाइलवर ते नुसतं मातकट दिसतं. समोर उभं राहिलं की कळतं, मारुतीच्या खांद्यांच्या कडा स्पष्ट आहेत आणि कमरेशी कडच नाही, दगड पाण्यात विरघळल्यासारखा. कसं केलंस विचारलं, तर म्हणाली, खालचा भाग कागद ओला असतानाच रंगवला, वरचा पूर्ण वाळल्यावर. त्या गढूळ पाण्यात काळा रंग अजिबात नाही. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन, बस. फेसाचा पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद! सांगताना काय खुलली होती ती. तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं.

बी-१०२ : यायला आवडेल गं. पण आम्हाला चित्रातलं काय कळतं? छान छान म्हणून परत यायचं, इतकंच.

ए-३०४ : काका, पावसाळ्यात मारुतीच्या छातीला पाणी लागलं, गळ्याला लागलं, हे ग्रुपवर सगळ्यात आधी तुम्हीच सांगता. त्या चित्रातलं पाणी खरं वाटतं का, हे तुमच्याइतकं कोण सांगणार? तिला तेच ऐकायचंय.

डी-२०३ : अगदी बरोबर. मी जी.डी. आर्ट, म्हणजे चित्रकलेचा सरकारी डिप्लोमा केलाय. आपल्या नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे सरांची चित्रं बघून आम्ही स्केचबुक घेऊन रामकुंडावर जायचो. आमच्या प्रदर्शनात एक आजोबा माझ्या नारोशंकराच्या देवळाच्या चित्रासमोर बराच वेळ थांबले आणि म्हणाले, घंटा जरा खाली आलीये. दुसऱ्या दिवशी देवळासमोर जाऊन पाहिलं, खरंच आली होती. त्या दिवशीचे बाकी सगळे अभिप्राय मी विसरले, हा नाही. म्हणून वहीत नुसतं ‘सुंदर’ लिहू नका. कोणतं चित्र आवडलं, त्यातलं काय आवडलं, ते लिहा. आणि एक विनंती, किंमत जरूर विचारा, पण घासाघीस करू नका. चांगला कागद, माउंट, फ्रेम, सगळा खर्च बहुतेक वेळा मुलांच्याच खिशातून होतो.

सी-५०१ : आमचा चिरंजीव चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसतोय. मेमरी ड्रॉइंगला फार घाबरतो. त्याला आणू का?

ए-३०४ : आणाच काकू. तिथे मुलांची आउटडोअरची स्केचबुकंही ठेवलीत, फसलेल्या पानांसकट. त्याला ती आधी दाखवा. माझी मैत्रीण त्याच्याशी बोलेल, मी सांगून ठेवते.

बी-१०२ : ठीक आहे, येतो. रविवारी साडेचारला गेटपाशी. माझ्या गाडीत तीन जागा आहेत, कोण कोण?

सी-५०१ : आम्ही दोघं.

डी-२०३ : तिसरी माझी.