मदत हवी आहे: आईसाठी हलका, अंगावर नीट बसणारा आणि शिकागोच्या थंडीला पुरेल असा कोट

मृणाल_के
आई जानेवारीत दोन महिने शिकागोला येतेय. उंची 5 फूट 1 इंच, छाती 38. खांदे दुखतात म्हणून लोकरीचा जड कोट नको. साडी आणि पंजाबी ड्रेस, दोन्हीवर चालायला हवा. फुगीर कोट घातला की गादी गुंडाळल्यासारखं दिसतं, असं तिचं म्हणणं. पिसं भरलेल्या हलक्या कोटांवर ऑनलाइन सगळीकडे '800 फिल' लिहिलेलं दिसतं. तेवढं बघून घेतला तर चालेल का?

सुईदोरा
नाही चालणार. 28 ग्रॅम पिसं फुगून किती घन इंच जागा व्यापतात, त्याचा हा आकडा. म्हणजे नुसता पिसांचा दर्जा. आत किती ग्रॅम भरलीत ते वेगळं, आणि विकणारे नेमकं तेच बहुतेक वेळा लिहीत नाहीत. 800 ची 100 ग्रॅम पिसं असलेल्या कोटापेक्षा 650 ची 200 ग्रॅम असलेला जास्त गरम. जानेवारीत तिथलं सरासरी किमान उणे 7 च्या आसपास असतं, पण 30 जानेवारी 2019 ला पारा उणे 30 च्याही खाली गेला होता. वर मिशिगन तळ्यावरचा वारा. गुडघ्यापर्यंतच्या कोटात 180-200 ग्रॅम तरी हवेत. मुठीएवढ्या पिशवीत मावणारी अल्ट्रालाइट जाकिटं आतला थर म्हणून ठीक, एकटी नाहीत.

दुकानात असाल तर कोट उजेडासमोर धरा. शिलाईच्या रेषांवर उजेड आरपार दिसला तर वरचं कापड आणि अस्तर थेट एकमेकांना शिवलंय, तिथे पिसं नाहीत. वारा तिथूनच शिरतो.

नीरजा७
दिसण्याचं म्हणाल तर फुगीरपणा पिसांपेक्षा कप्प्यांमुळे वाटतो. रुंद आडवे कप्पे टाळा. अरुंद किंवा तिरके कप्पे, आणि कमरेपाशी आतल्या बाजूने ओढायची दोरी. बाहेरचा पट्टा आवळला की तिथली पिसं दबतात आणि नेमकी कंबर गार पडते. उंची कमी आहे तर पेटीट साइझ बघा. साध्या साइझमध्ये खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि कंबर नितंबावर येते, मग कोट कितीही महाग असो, मागून आणलेला वाटतो.

माप नुसत्या ब्लाउजवर घेऊ नका. आत स्वेटर घालून, चेन लावून, दोन्ही हात पुढे करायला सांगा. पाठीत ताणला तर एक साइझ वर. घट्ट कोटात पिसांना फुगायला जागाच नसते.

साडीसाठी चेन दोन्हीकडून उघडणारी हवी. गाडीत बसताना खालून वीतभर उघडली की निऱ्या चुरगळत नाहीत. आणि परकराच्या आत फ्लीसची लेगिंग, ती नसेल तर कोट काही करू शकत नाही.

मृणाल_के
धन्यवाद दोघींना! आईला पिसं चालणार नाहीत असं आत्ताच कळलं. सिंथेटिक घेतला तर?

सुईदोरा
चालेल. ओला झाला तरी ऊब बरीचशी टिकते, ओल्या बर्फात हे सोयीचंच. पण तेवढ्याच ऊबेसाठी वजन जास्त पडतं आणि काही हिवाळ्यांत भरण चपटं होतं. दोन महिन्यांसाठी हरकत नाही. वजन वाचवायचं तर गुडघ्याऐवजी मांडीच्या मध्यापर्यंतचा घ्या आणि बाकीचं काम लेगिंगवर सोडा. साडी नेसून जास्त वेळ बाहेर राहणार असतील तर मात्र लांबी कमी करू नका. चेनच्या मागे कापडाची पट्टी, बाहीच्या आत विणलेला कफ आणि टोपी, या तिन्हींवर तडजोड नको.

नीरजा७
धुताना थंड पाणी, थोडं लिक्विड, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही. ड्रायर मंद आचेवर. परत जाताना बॅगेत जागा करायला व्हॅक्यूम पिशवीत भरलात तर पोचल्यावर लगेच काढून टांगा, भरण दाबून ठेवलं की पुन्हा नीट फुगत नाही.