मॅनटी, समुद्रगाय की आणखी काही?

शंकासुर:
मॅनटी या पाण्यात राहून गवत खाणाऱ्या सस्तन प्राण्यावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. 'समुद्रगाय' हा शब्द तयार मिळाला म्हणून वापरला आणि दुसऱ्याच परिच्छेदात 'ही समुद्रगाय ॲमेझॉन नदीत राहते' असं लिहून बसलो. पुढे 'नर समुद्रगाय' आली. त्याला काय, समुद्रबैल म्हणू?

पाणकावळा:
बैल नको हो! पण तुमचं नदीचं वाक्य खरं आहे. मॅनटीच्या तीन जाती. ॲमेझॉनमधली जन्मभर गोड्या पाण्यात असते, समुद्राचं तोंडही बघत नाही. पश्चिम आफ्रिकेतली खाड्यांमधून नद्यांत पार आतपर्यंत शिरते. फ्लोरिडा-कॅरिबियनमधली गोड्या-खाऱ्या पाण्यात ये-जा करते. खरा समुद्राचा प्राणी म्हणजे त्यांचा भाऊबंद ड्यूगाँग. मन्नारच्या आणि कच्छच्या आखातात, अंदमानात आढळतो तो. तमिळमध्ये त्याला 'कडल पसू' म्हणतात, म्हणजे समुद्रगायच. तो शब्द त्याच्यासाठी राखून ठेवावा. फोटोत ओळखायचं तर शेपूट बघा: मॅनटीचं वल्ह्याच्या पात्यासारखं गोल, ड्यूगाँगचं देवमाशासारखं दुभंगलेलं.

आडवातिडवा:
असहमत. नीलगाय कुठे गाय असते? देवमासा मासा नाही, पाणघोडा घोडा नाही. मॅनटी दिवसातले सहा-आठ तास नुसता चरत असतो, मग गाय म्हटलं तर बिघडलं काय?
तसं नातंच बघायचं तर ते हत्तीशी आहे. गवताबरोबर वाळू चावून मॅनटीच्या दाढा झिजतात, पुढच्या गळून पडतात आणि मागून नव्या सरकत येतात. हत्तीला असे सहाच संच मिळतात, मॅनटीला हिशेबच नाही. पण 'पाणहत्ती' सुचवायची माझी हिंमत नाही.

पाणकावळा:
मूळ शब्द बघा ना. स्पॅनिश 'मनाती' हा कॅरिब भाषांमधून आलेला, आणि तिथे त्याचा अर्थ स्तन असा सांगतात. मादीची आचळं पुढच्या परांच्या मागे, जवळजवळ काखेत असतात आणि पिल्लू तिथे बिलगून दूध पितं. नाव ठेवणाऱ्यांनी हे जवळून पाहिलेलं असणार. १४९३ मध्ये कोलंबसला हेच प्राणी जलपऱ्या वाटले. वर चित्रातल्याइतक्या सुंदर नाहीत अशी तक्रारही त्याने नोंदवली! मॅनटी आणि ड्यूगाँग ज्या गणात येतात त्याचं 'सायरेनिया' हे नाव त्याच जलपऱ्यांच्या कुळातलं. आपला भोंगेवाला सायरनही तिथलाच.

शंकासुर:
आणखी एक अडचण. त्यांच्या खाण्याला मी 'शेवाळ' लिहिलंय. चालेल?

आडवातिडवा:
इथे मात्र अजिबात नाही. ते समुद्रगवत. त्याला मुळं असतात, फुलं येतात. शेवाळाला यातलं काही नसतं. २०२१ मध्ये फ्लोरिडात सुमारे ११०० मॅनटी मेले, त्यातले पुष्कळ उपासमारीने. तिथल्या इंडियन रिव्हर लगून या खाऱ्या सरोवरात सांडपाणी आणि खतं वर्षानुवर्षं उतरत राहिली, त्यावर सूक्ष्म शेवाळ माजलं, पाणी गढूळ झालं, ऊन तळापर्यंत पोचेना आणि गवत मेलं. पुढच्या हिवाळ्यात या जनावरांना माणसांनी लेट्यूसची पानं टाकून जगवायचा प्रयत्न केला. तुमच्या भाषांतरात हे 'शेवाळामुळे शेवाळ मेलं' असं होईल.

पाणकावळा:
आणि 'कळप'ही जपून वापरा. हे प्राणी एरवी एकेकटे किंवा मायलेकरं असे हिंडतात. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की सोसत नाही, म्हणून हिवाळ्यात उबदार झऱ्यांपाशी, वीजकेंद्रांच्या गरम पाण्यापाशी शेकड्यांनी जमतात. तो कळप नव्हे, शेकोटीभोवतीची गर्दी.

शंकासुर:
शेवाळ खोडलं. 'समुद्रगाय' काढून 'मॅनटी' करतोय, पण लिंग कोणतं? ईकारान्त म्हणून 'ती मॅनटी' असंच येतंय हाताखाली.

आडवातिडवा:
हत्ती ईकारान्तच आहे की. तो हत्ती, ते हत्ती. तसा तो मॅनटी, ते मॅनटी. नात्यालाही धरून होईल.

शंकासुर:
हे पटलं. म्हणजे पिल्लाला 'वासरू' लिहिलंय, तेही गेलं.